शंकरसिंग राठोडांचे पंधरा शेअर

मी मत्सरी माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे वाचाल त्यावरून तुमचा तसा समज होण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या शेजाऱ्यानं मोटारसायकल घेतली तेव्हा मी दोन पेढे खाल्ले. त्याच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा आठ दिवस सकाळी मी स्वतः नळी धरून पाणी मारलं. त्याच्या निरोप समारंभात मी भाषण केलं आणि ऐन वेळी घोगरा आवाजही काढला. पण टेलिव्हिजन कंपनीचा मालक होण्याचा त्याला काहीएक अधिकार नव्हता. गल्लीत तसा अधिकार कुणाला असलाच, तर तो मला होता. मी निदान रोज बातम्या तरी बघतो.

शेजारी म्हणजे शंकरसिंग राठोड. एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, मूळचे पुसेगावकडच्या तांड्यावरचे. मी सोनाजी खिल्लारे, मूळचा साखऱ्याचा, सध्या हिंगोलीत सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. अठरा वर्षं रोज सकाळी ते भिंतीपलीकडून "जय भीम, सोनाजीराव" म्हणतात, मी "जय सेवालाल, शंकरसिंगभाऊ" म्हणतो आणि आम्ही भिंतीवर कपबशा ठेवून चहा पितो. एकाची साखर संपली तर दुसऱ्याची चालते. असं सगळं सुरळीत होतं.

मग ऑगस्टमध्ये एके दिवशी पोस्टमननं माझंच दार वाजवलं आणि मलाच विचारलं, "राठोड साहेब घरी आहेत का हो? बाजूला कुलूप आहे." अठरा वर्षं हा माणूस त्यांना नुसतं 'राठोड' म्हणत आला होता. हातात जाडजूड पाकीट होतं. मी सही करून घेतलं. आता पाकीट एका बाजूनं जरा उसवलेलंच होतं, त्यामुळं आत काय आहे ते मला दिसलं, यात माझा दोष नाही. आत दोनशे चाळीस गुळगुळीत रंगीत पानांचा ग्रंथ होता. पहिल्या पानावर कोट घातलेले एक गृहस्थ हसत होते आणि खाली लिहिलं होतं, 'प्रिय भागधारक'.

संध्याकाळी खुलासा झाला. शंकरसिंगनी रिटायरमेंटच्या पैशांतून 'दीपमाळ टेलिव्हिजन' या कंपनीचे पंधरा शेअर घेतले होते. हा अहवाल हल्ली सगळ्यांना फोनवरच येतो, पण यांनी खास मागणी करून छापील मागवला होता, हे मला फार नंतर समजलं. भिवाजी गुरुजी तिथंच ओट्यावर बसले होते. ते निवृत्त शिक्षक, त्यामुळं गल्लीत कायदा त्यांच्या तोंडून निघतो. त्यांनी चष्मा पुसून निकाल दिला, "भागधारक म्हंजे मालकच. कायद्यानं मालक."

झालं. दुसऱ्या दिवसापासून गल्ली त्या निकालानं वागू लागली.

'दीपमाळ'वर रात्री आठ वाजता एक मालिका लागते. तिची नायिका मंजिरी तेव्हा चार महिन्यांपासून दवाखान्यात बेशुद्ध होती. लिपस्टिक लावून बेशुद्ध होती, पण बेशुद्ध होती. आमच्या गल्लीतल्या पंचफुलाबाई, वय सत्तर, काठी टेकत शंकरसिंगच्या ओट्यावर गेल्या आणि म्हणाल्या, "बाबा, तुमची कंपनी हाय म्हने. त्या लेकराला काहून एवढी तकलीफ देऊन राहिले? उठवा की तिला."

दुसरा कुणी असता तर हसला असता. शंकरसिंग हसले नाहीत. त्यांनी आत जाऊन वही आणली, तारीख घातली, तक्रार लिहून घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "कळवतो." कुणाला कळवतो, कसं कळवतो, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढच्या मंगळवारी मंजिरीनं डोळे उघडले.

त्या रात्री गल्लीत जो जल्लोष झाला तो मी खिडकीतून पाहिला. बायका शंकरसिंगच्या ओट्यावर जमल्या. रूपाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, सगळ्यांना चहा केला. आणि शंकरसिंगनी मिशीवरून फक्त हात फिरवला. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी सत्तावीस वर्षं सरकारी कार्यालयात काढली आहेत. न केलेल्या कामाचं श्रेय न बोलता कसं घ्यायचं ते मी मोठमोठ्या अधिकाऱ्यांकडं पाहिलेलं आहे, पण इतकं सफाईदार कुणी घेतलं नव्हतं.

तिथून ओट्यावर रांग लागू लागली. जाहिराती फार होतात. सासू फार मारते. शनिवारी सिनेमा लावा. शंकरसिंग एकेकाला वहीत घेत होते. तोपर्यंत मी सहन केलं. पण एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आमची सरिता हात धुऊन उठली, भिंतीपाशी गेली आणि म्हणाली, "राठोड भाऊ, माझंबी एक लिहा."

माझ्या बायकोची तक्रार. माझ्या घरातून. माझ्या डोळ्यांदेखत.

ती परत आल्यावर मी शक्य तितक्या थंडपणे विचारलं, "काय काम होतं?"

"आठ वाजता मी तुमच्या भाकरी करून राहते. मालिका कधी पुरी बघायलाच भेटत न्हाई. रविवारी दुपारी परत दाखवा म्हणलं."

"मग हे मला का नाही सांगितलं?"

सरितानं माझ्याकडं खरोखर आश्चर्यानं पाहिलं. "तुमी काय करणार त्यात?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मला गडगंज व्हायचं नव्हतं हो. फक्त एकदा, काहीतरी अडलं म्हणून सरितानं माझ्याकडं यावं आणि मी वही उघडून 'कळवतो' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. मी कंपनीचा मालक व्हायचं ठरवलं.

आता शंकरसिंगचीच कंपनी घेणं म्हणजे त्यांच्या हाताखाली जाणं. ते शक्य नव्हतं. शिवाय मी अभ्यासू माणूस. मी रविवारी गच्चीवर गेलो आणि गल्लीतल्या डिश अँटेना मोजल्या. एकूण एकतीस. त्यांतल्या चालू नऊ. उरलेल्यांपैकी एकीत मिरच्या वाळत होत्या, एक उपडी घालून तिच्याखाली कोंबडीची पिल्लं झाकली होती, दोन डिशमध्ये हळदीचं बेणं होतं. सर्वांत मोलाचा पुरावा खुद्द राठोडांच्या गच्चीवर सापडला. टेलिव्हिजन कंपनीच्या मालकाच्या जुन्या डिशमध्ये रूपाबाईंनी सांडगे घातले होते. पुढच्या आठवड्यात कामानिमित्त वारंगा फाट्याला गेलो तर तिथल्या हॉटेलात झाडून सगळे ट्रक ड्रायव्हर पाण्याच्या ग्लासाला मोबाइल टेकवून काहीबाही बघत जेवत होते. कोपऱ्यातला टीव्ही एकटाच बडबडत होता. मी घरी येऊन कार्यालयीन पद्धतीनं टिप्पणी लिहिली: 'उपरोक्त पाहणीवरून टेलिव्हिजन हा व्यवसाय अस्तास जात असून यापुढील काळ मोबाइल ॲपचा आहे. सबब श्री. राठोड बुडतील. सादर.'

ती टिप्पणी मी स्वतःलाच सादर केली आणि मंजूर केली.

गल्लीचे सल्ले आलेच. भिवाजी गुरुजी म्हणाले, "हळद घेऊन ठेवा. हळद काही बंद पडत न्हाई." पंचफुलाबाई म्हणाल्या की त्यापेक्षा शेळी घ्यावी, निदान दूध देते. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि 'झुळूक एंटरटेनमेंट' ही कंपनी निवडली. तिचं 'झुळूक' नावाचं ॲप होतं. सिनेमे, मालिका, कुस्त्या, सगळं मोबाइलवर.

निवडणं सोपं होतं, घेणं अवघड. सरकारी नोकरानं असे व्यवहार कार्यालयाला कळवायचे असतात. नियम म्हणजे नियम. मी अर्ज लिहिला, मीच त्याला आवक क्रमांक दिला आणि मीच तो फायलीत लावला. त्यावर शेरा पडून कागद माझ्याकडंच आला, 'अर्जदाराने प्रयोजन स्पष्ट करावे.' ते पत्र मला पाठवायचं काम माझंच असल्यानं मी मला पत्र पाठवलं. प्रयोजन म्हणून खरं कारण लिहिता येण्यासारखं नव्हतं. 'भविष्यकालीन तरतूद' असं लिहिलं.

मग शेअर ठेवायचं खातं. कोपऱ्यावर योगेशचं ऑनलाइन सेंटर आहे. दाखल्यांपासून विजेच्या बिलापर्यंत गल्लीचं सगळं तोच भरतो. त्यानं माझा फोन हातात घेतला आणि प्रश्न विचारू लागला. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता की तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक राजकारणात वरच्या पदावर आहात काय. योगेश सरळ 'नाही' दाबायला निघाला. मी त्याचा हात धरला. माझे चुलतभाऊ साखऱ्याला पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते.

"काका, ते मंत्री-बिंत्र्यासाठी असते," योगेश म्हणाला.

"पण उद्या चौकशी झाली तर?"

"तुमची कोन करून राहिलं चौकशी?"

हा पोरगा कामाचा आहे, पण तोंडाचा बरा नाही. पुढं कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा होता. मी कोट घालून गेलो होतो. कॅमेऱ्यात बघितलं, मान डावीकडं केली, उजवीकडं केली, डोळे मिचकावले, आणि ॲपनं जाहीर केलं की मी भारतात नाही. मी हिंगोलीत, योगेशच्या लाल खुर्चीत, पंख्याखाली बसलो होतो. आम्ही बाहेर रस्त्यावर आलो. तिथंही मी भारतात नव्हतो. शेवटी योगेशला सापडलं की माझ्या फोनचं लोकेशनच बंद होतं. ते चालू करेपर्यंत भरचौकात कोट घालून मान हलवत डोळे मिचकावणाऱ्या मला बघायला बरीच गर्दी जमली होती. त्यात राठोडही होते. "काही मदत लागती का, सोनाजीराव?" त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

मग सही जुळेना. बँकेत माझी सत्तावीस वर्षांपूर्वीची लांबलचक सही आहे. रोज दोनशे कागदांवर करून करून ती आता नुसती एक शेपूट राहिली आहे. तरुणपणीची सही परत जमावी म्हणून मी दोन रात्री वहीत सराव केला. सरिताला वाटलं मी कुणाला तरी पत्र लिहितो आहे. तिसऱ्या दिवशी सही जुळली आणि मी 'झुळूक'चे चाळीस शेअर घेतले. चाळीस का? कारण ते पंधरापेक्षा जास्त होते.

पेढे घेऊन मी गल्लीभर फिरलो. पंचफुलाबाईंनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "तुमचं कितव्या नंबरला लागते?"

"नंबरला नाही, मावशी. मोबाइलवर. ॲप आहे."

"फुकट हाय का?"

"नाही. वर्षाची फी असते."

"मंग तुमी मालक असून काय फायदा? राठोड बाबाचं तं फुकट दिसते."

घरोघरी हेच. माझ्या कंपनीवर कुणाला तक्रारच नव्हती, कारण कुणी ती बघतच नव्हतं. तेव्हा मी आयुष्यातला सर्वांत उदार आणि सर्वांत मूर्ख निर्णय घेतला. वर्षाची फी भरली आणि पासवर्ड सगळ्या गल्लीला वाटला. मालकाकडून भेट म्हणून.

आठ दिवस मी राजा होतो. लोक रस्त्यात थांबवून 'कुस्ती भारी होती' म्हणायचे. फक्त एकच अडचण झाली. मी स्वतः ॲप उघडलं की तिथं लिहून यायचं, 'या खात्यावरून इतर लोक पाहत आहेत, कृपया नंतर प्रयत्न करा.' मी पहाटे पाचला उठून बघायचं ठरवलं, तर पहाटे पाचला भिवाजी गुरुजी कीर्तन लावून बसलेले. आणि ॲप मला माझ्या आवडीचं म्हणून जे सुचवायचं त्यात लेकरांची कार्टुनं, कुस्त्या, कीर्तनं आणि दाक्षिणात्य मारामाऱ्या अशी खिचडी असायची.

एके सकाळी कंपनीचा संदेश आला. यापुढं एका खात्याचा पासवर्ड एकाच घरात चालेल, बाहेर दिला तर बंद. म्हणे सगळ्या जगात हेच चाललं आहे. फुकट्या प्रेक्षकांमुळं कंपन्या तोट्यात जात आहेत. तो संदेश वाचताना मला घाम फुटला. म्हणजे माझी कंपनी बुडवायला गल्लीभर माणसं मीच कामाला लावली होती.

दुपारपर्यंत सगळ्यांचे मोबाइल बंद पडले आणि माझ्या दारात रांग लागली. खरं सांगतो, एवढी रांग पाहून क्षणभर मला आनंदच झाला. मी कार्यालयातून आणलेलं कोरं रजिस्टर उघडलं, तारीख टाकली, पेन सरसावलं. पण सगळ्या तक्रारी माझ्याविरुद्ध होत्या. देऊन काढून घेतलं. अर्ध्या सिनेमात बंद केलं. भिवाजी गुरुजी म्हणाले, "सोनाजीराव, अभंग अर्धा राहिला माझा. हे बराबर न्हाई." भिंतीपलीकडून शंकरसिंग सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी दोनदा मिशीवरून हात फिरवलेला मी पाहिला.

'झुळूक'चा भाव उतरत गेला. उतरू दे, म्हटलं, टीव्हीही बुडणारच आहे, बघू कोण आधी बुडतं. आणि मग योगेशनं मला बोलावून बातमी दाखवली. हल्ली कुणाचंच एकट्यानं भागत नाही म्हणून ॲपवाले टीव्हीवाल्यांत मिसळून राहिले आहेत, असं तो म्हणाला. 'झुळूक' कंपनी 'दीपमाळ'मध्ये विलीन होणार होती. 'झुळूक'च्या दर चाळीस शेअरांना 'दीपमाळ'चा एक.

"म्हणजे मला किती?"

"एक, काका."

शंकरसिंग पंधरा, सोनाजी एक. ज्यांच्या हाताखाली जायचं नाही म्हणून एवढा खटाटोप केला, त्यांच्याच कंपनीत मी चौदा शेअरांनी खाली जाऊन बसलो. संध्याकाळी शंकरसिंग स्वतः भिंतीपाशी आले. "आता आपून एकाच कंपनीचे, सोनाजीराव," ते म्हणाले. "काही लागलं तं हक्कानं सांगत जा." माणूस मनापासून म्हणाला असेल किंवा नसेल, मला ते काळजात सुरी खुपसल्यासारखं लागलं. मी चहा अर्धा टाकून आत आलो.

"बरं झालं," सरिता म्हणाली. "आता दोघायचं एकच झालं. मिटलं."

मिटलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना आली. सभा मोबाइलवरच होणार होती. ज्या भागधारकांना बोलायचं असेल त्यांनी आधी नाव नोंदवावं, दोन मिनिटं मिळतील. योगेशला विचारलं, राठोडांनी नाव नोंदवलं का? "न्हाई. बोलायचं काय म्हणले." दहाव्या मिनिटाला माझं नाव नोंदलेलं होतं. एक शेअर असो की एक लाख, माणूस दोनच मिनिटं बोलतो. एवढी समता मला दुसऱ्या कुठल्या सभेत दिसलेली नाही.

बातमी गल्लीत पसरली आणि वारं फिरलं. लोक माझ्याकडं येऊ लागले. शंकरसिंग दोन दिवस सकाळच्या चहाला आले नाहीत. डोकं दुखतं म्हणाले. आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी भाकरी थापता थापता सरिता माझ्याजवळ आली, पिठाचे हात तसेच पुढं धरून. "अहो," ती म्हणाली, "ते रविवारचं बोलाल का तुमी? त्यायनं लिहून घेतलं पन झालं काहीच न्हाई."

मी वही उघडली. तारीख घातली. "कळवतो," मी म्हणालो. माझा आवाज जरा कापला, पण मी तो खोकल्यात लपवला.

सभेच्या दिवशी सकाळीच गल्लीतली वीज गेली. घरात रेंज मिळेना, म्हणून मी गच्चीवर गेलो. योगेशकडं इन्व्हर्टर होता. त्यानं राठोडांच्या खात्यावरून मोठ्या पडद्यावर सभा लावली आणि गल्लीतल्या सगळ्या बायका तिथं जाऊन बसल्या. मी पाण्याच्या टाकीवर विटेला टेकवून फोन ठेवला, समोर स्टूल मांडलं, वरून कोट आणि टाय घातला. खाली पायजमाच होता, कारण कॅमेरा छातीपर्यंतच दाखवतो. कानात वायरचे इअरफोन घातले. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शंकरसिंग. डोक्याला लाल फेटा, इस्त्रीचं धोतर.

"तुम्ही इथं? तिकडं बसा ना, पडद्यासमोर."

"तिकडं बायका हाईत सगळ्या. मी मागं बसतो बाजेवर. गप बसतो." त्यांना चैन पडत नव्हतं हे मला दिसत होतं. बसू दे, म्हटलं, ऐकू दे जवळून.

अडीच तास कोटवाले लोक इंग्रजीत बोलत होते. जाहिरातीचं उत्पन्न घटलं, प्रेक्षक मोबाइलवर गेला, हे मी एकतीस डिश मोजून वर्षभर आधीच काढलं होतं. मग भागधारकांची पाळी आली आणि अचानक अध्यक्षांचा आवाज आला, "अब हिंगोली से श्री सोनाजी खिल्लारे."

सत्तावीस वर्षांची नोकरी. साहेबानं नाव घेतलं की मी उभा राहतो. यात विचार करायला वेळच नसतो, पाय आपोआप उठतात. मी ताडकन उभा राहिलो.

त्यासरशी इअरफोनची वायर स्टुलाच्या खिळ्यात अडकून तुटली, आणि पडद्यावर माझ्या चेहऱ्याऐवजी माझा पायजमा आला. मी बोलत होतो, पण वायरचं टोक फोनमध्येच राहिल्यानं आवाज जाईना. ते काढायला मी बाजूला होऊन टाकीवर वाकलो. म्हणजे पायजमाही गेला. आता देशभरच्या भागधारकांसमोर फक्त बाजेवर बसलेले, लाल फेट्याचे, भरघोस मिशांचे शंकरसिंग राहिले, आणि खाली नाव होतं सोनाजी खिल्लारे. मी टोक उपसून काढलं आणि नेमका तेव्हाच आवाज सुरू झाला.

"बोलिए सोनाजी जी, हम सुन रहे हैं," अध्यक्ष म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच मागून एस.टी.चा ड्रायव्हर बोलला. "नमस्ते साहेब. हमारे इधर आठ बजे भाकरी का टाइम रहता. घर की औरतां चुल्हे के पास रहती, तुम्हारी मालिका कौन देखता? संडे को दुपहर में फिर से लगाव. हमारे बाजू में सरिता भाभी है, उनका एक साल से यही बोलना है. इतना करो, बस."

अध्यक्ष हसले. मोठ्यानं, मनापासून हसले. "बहुत बढ़िया सुझाव, सोनाजी जी. आज की सबसे काम की बात. हम ज़रूर देखेंगे." मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. माझी दोन मिनिटं संपली होती.

शंकरसिंग खाली मान घालून बसले होते. "तुमचा आवाज जाऊन नव्हता राहिला," ते पुटपुटले. "टाइम चालला होता, म्हणून..." आणि जिना उतरून निघून गेले. मी तिथंच टाकीला टेकून उभा राहिलो. माझ्या बायकोची तक्रार, माझी वेळ, माझं नाव, आणि हशा पिकवला कुणी? मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

खाली उतरलो तर गल्ली माझी वाटच बघत होती. अभिनंदनाला, असं मला क्षणभर वाटलं. पंचफुलाबाई म्हणाल्या, "राठोड बाबाचं मन किती मोठं! सोता बोलले अन् नाव तुमचं लावलं!" भिवाजी गुरुजींनी मान डोलावली. आणि सरिता, माझी सरिता, ओल्या डोळ्यांनी म्हणाली, "माझं नाव घेतलं हो त्यायनं, एवढ्या मोठ्या लोकायमधी. अन् तुमची इज्जत राखली. मी शेवयाची खीर केली, जा, देऊन या. अन् नीट बोला त्यायच्याशी."

माझं नाव मलाच दान मिळालं होतं, आणि त्याबद्दल आभार मानायला मी खिरीचा डबा घेऊन चाललो होतो.

दार रूपाबाईंनी उघडलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "बरं झालं आले भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "दुपारपासून जेवले न्हाईत. कोनाशी बोलून न्हाई राहिले."

आत शंकरसिंग खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडले होते. फेटा खुंटीला होता. मी स्टुलावर बसलो आणि डबा पुढं ठेवला.

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येतीला काय झालं?" ते भिंतीला म्हणाले. "योगेशला विचारलं मी. सभेचं जे लिहून ठेवतेत, त्यात चेहरा न्हाई राहत. नुसतं नाव राहते."

काय होत आहे ते मला अजून नीट समजलं नव्हतं.

"पंधरा शेअर माझे," ते म्हणाले. "बोललो मी. अन् साहेब काय म्हणले? सोनाजी जी. एकदा न्हाई, दोनदा. हिशोबात कायमचं राहिलं, सोनाजी खिल्लारे लई कामाचं बोलले."

"काय म्हणालात?" मी विचारलं. "मला नीट ऐकू आलं नाही."

"सोनाजी खिल्लारे लई कामाचं बोलले," शंकरसिंग म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला.

मी स्टूल पुढं ओढलं. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. डबा उघडला, रूपाबाईंकडून वाटी मागून घेतली, त्यांना उठून बसवलं आणि खीर त्यांच्या हातात दिली. नाव काय, चेहरा काय, कंपनी एकच ना, असं कितीतरी वेळ त्यांना समजावत राहिलो. इतक्या मनापासून, इतक्या मायेनं आणि इतक्या आनंदानं मी आजवर कुणाचंही सांत्वन केलेलं नाही.